पॅट्रिक हेन्रीचें चरित्र आणि त्याचा पहिला चरित्रकार

विल्यम वर्ट यानें लिहिलेलें पॅट्रिक हेन्रीचें चरित्र इ. स. १८१७ त फिलाडेल्फिया येथें छापून प्रसिद्ध झालें. ग्रंथ जुना आहे आणि परदेशांतला आहे. तरी त्याचें परीक्षण या पानांवर करण्याचें कारण असें कीं, जुन्या कागदांचा संग्रह व विचार करणाऱ्या आमच्या वाचकांस जो प्रश्न नित्य पडतो, तो या एका ग्रंथांत जितका उघडा पडला आहे तितका क्वचितच अन्यत्र पडलेला दिसेल. स्वातंत्र्य किंवा मरण यांवांचून तिसरें कांहीं आपणांस नको, या अर्थाच्या ज्या उद्गारांनीं हेन्रीचें नांव सर्व जगास ठाऊक झालें, ते उद्गार ज्या भाषणाच्या शेवटीं येतात तें भाषण २३ मार्च १७७५ रोजीं झालें. त्याची संहिता जेथें प्रथम आढळते तो हा ग्रंथ मात्र बेचाळीस वर्षांनंतरचा आहे. मधल्या काळांतला, त्या भाषणाची संहिता देणारा, एकही कागद उपलब्ध नाहीं. वक्त्याच्या हातचें टिपण नाहीं, सभेच्या दफ्तरांत भाषणाची नोंद नाहीं, वर्तमानपत्रांत उतारा नाहीं. असें असतां तें भाषण अमेरिकेंतील मुलें पिढ्यान्‌पिढ्या मूळ शब्द म्हणून पाठ करीत आलीं आहेत.

हेन्रीचें चरित्र थोडक्यांत असें. त्याचा जन्म २९ मे १७३६ रोजीं व्हर्जिनिया वसाहतींतील हॅनोव्हर परगण्यांत झाला. तरुणपणीं त्यानें दुकान घालून पाहिलें, शेती करून पाहिली; दोहोंतही तो बुडाला. १७६० त त्यास वकिलीची सनद मिळाली, १७६३ त एका खटल्यानें त्याचें नांव झालें, १७६५ त तो प्रतिनिधिसभेंत निवडून आला. वसाहतीचें स्वतंत्र राज्य झाल्यावर १७७६ त तो त्याचा पहिला गव्हर्नर झाला व पुढें पुन्हां त्या पदावर आला. १७८८ त संयुक्त संस्थानांच्या नव्या राज्यघटनेस त्यानें कसून विरोध केला आणि ६ जून १७९९ रोजीं तो मरण पावला. गव्हर्नरपणाच्या काळाबद्दल येथें लिहिण्यासारखें फारसें नाहीं. त्या काळचे सरकारी कागद विपुल आहेत आणि जेथें कागद विपुल असतात तेथें चरित्रकाराच्या प्रतिभेस वाव कमी मिळतो.

आतां चरित्रकाराकडे वळूं. वर्टचा जन्म १७७२ तला. तोही वकील व राजकारणी. १८०७ त आरन बर याच्यावर राजद्रोहाचा खटला झाला, त्यांत सरकारतर्फे बोलून त्यानें कीर्ति मिळविली. ज्या वर्षीं हें चरित्र बाहेर पडलें त्याच वर्षीं तो संयुक्त संस्थानांचा मुख्य सरकारी वकील झाला आणि पुढें बारा वर्षें त्या पदावर राहिला. पद सोडल्यावर चेरोकी लोकांची बाजू घेऊन तो जॉर्जिया संस्थानाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत उभा राहिला, ही गोष्ट त्याच्या शीलास भूषणावह आहे. मात्र हेन्रीस त्यानें डोळ्यांनीं पाहिलें नव्हतें व कानांनीं ऐकलें नव्हतें. १८०५ च्या सुमारास त्यानें साहित्य जमविण्यास प्रारंभ केला आणि हेन्रीस ज्यांनीं पाहिलें होतें अशा वृद्धांस पत्रें लिहून आठवणी मागविल्या. टॉमस जेफर्सन, न्यायाधीश सेंट जॉर्ज टकर, न्यायाधीश जॉन टायलर, हेन्रीचा मेहुणा सॅम्युएल मेरिडिथ यांनीं त्यास माहिती पुरविली. एडमंड रँडॉल्फ याचा व्हर्जिनियाचा इतिहास तेव्हां हस्तलिखितांतच होता. तोही त्यास पाहावयास मिळाला. आपले साक्षीदार कोण हें वर्टनें प्रस्तावनेंत नांवांनिशीं सांगितलें आहे. आमच्या बखरकारांनीं एवढें केलें असतें तर राजवाड्यांस १८९८ च्या आपल्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत जी झाडाझडती घ्यावी लागली तिच्यांतील अर्धी वांचली असती. तेव्हां वर्टवर लबाडीचा आरोप करण्याचा मुळींच उद्देश नाहीं.

त्याची अडचण निराळी होती. डॅब्नी कार या मित्रास १८१५ त लिहिलेल्या पत्रांत त्यानें ती मोकळेपणानें सांगितली आहे. हेन्रीचें सारें आयुष्य बोलण्यांत गेलें. पण त्या बोलण्यापैकीं छापलेलें, लिहिलेलें किंवा कोणाच्या स्मरणांत राहिलेलें असें एकही भाषण नाहीं, ही त्याची तक्रार. प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टींस चिकटून लिहिणें म्हणजे पोत्यांत पाय बांधून धांवणें होय, असाही त्रागा त्यानें तेथें केला आहे. दोन वर्षांनीं बाहेर आलेल्या ग्रंथांत मात्र तीं भाषणें आहेत. पोतें सुटलें कसें, हाच या परीक्षणाचा विषय.

प्रथम बाल्य व तारुण्य. वर्टचा हेन्री हा रानांत वाढलेला, आळशी, पुस्तकांचा कंटाळा करणारा, मासे धरण्यांत व शिकारींत दिवस घालविणारा तरुण आहे. तो सहा आठवडे कायदा वाचून कशीबशी सनद मिळवितो, तीनएक वर्षें पक्षकारांवांचून सासऱ्याच्या खाणावळींत दिवस काढतो आणि एके दिवशीं न्यायमंदिरांत एकाएकीं वाचस्पति होऊन प्रकट होतो. कथा म्हणून ही मोठी गोड आहे. ज्यास कोणी शिकविलें नाहीं त्याच्या मुखीं सरस्वतीनें येऊन बसावें, ही कल्पना आमच्याकडेही कालिदासाच्या नांवावर चालत आली आहे, आणि ती तेथें जितकी खरी तितकीच येथें. हेन्रीचा बाप स्कॉटलंडांत ॲबर्डीन येथें शिकलेला होता. मुलास लॅटिन त्यानेंच शिकविलें. हें मेरिडिथनें वर्टला कळविलेंही होतें. तरी वर्टनें भर दिला तो जेफर्सनच्या आठवणींवर. आतां जेफर्सन व हेन्री यांचें १७८१ पासून राजकीय वैर होतें, आणि वैऱ्याची आठवण ही साक्ष असली तरी तिचा तोल पाहून मगच ती घ्यावयाची असते. नवल असें कीं, ज्यानें एवढी माहिती पुरविली त्याच जेफर्सननें १८२४ त डॅनियल वेब्स्टर यास भेटींत सांगितलें कीं हें पुस्तक हलकें आहे.

या सर्व प्रकरणाचा निकाल लावला तो एका वहीनें. हेन्रीच्या वकिलीच्या जमाखर्चाच्या वह्या त्याच्या वंशजांकडे राहिल्या होत्या. १८८७ त मोझेस कॉइट टायलर यानें व १८९१ त हेन्रीचा नातू विल्यम वर्ट हेन्री यानें त्यांचा उपयोग केला. (नातवाचें नांव त्या चरित्रकारावरून ठेविलेलें, आणि आजोबाची बाजू चरित्रकाराविरुद्ध मांडणें त्याच्याच वांट्यास आलें!) त्या वह्यांप्रमाणें १७६० च्या शरद ऋतूपासून १७६३ च्या अखेरपर्यंत हेन्रीनें ११८५ दाव्यांत फी लावलेली आहे, कागद करून देण्याची किरकोळ कामें निराळींच. ज्यास सव्वातीन वर्षांत अकराशेंहून अधिक दावे मिळाले तो पक्षकारांची वाट पाहत खाणावळींत बसला होता, असें म्हणणें शक्य नाहीं. फी लावणें निराळें व वसूल होणें निराळें, ही शंका कोणी काढील तर ती रास्त आहे. पण तिनें उद्योगीपणा खोटा ठरत नाहीं. चार पिढ्यांची दंतकथा जमाखर्चाच्या एका वहीपुढें उभी राहिली नाहीं. घरोघरच्या वह्या रद्दीच्या भावानें विकणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

१७६३ चा खटला पाद्र्यांच्या पगाराचा. व्हर्जिनियांत पाद्र्याचें वर्षासन १६००० पौंड तंबाखू असें ठरलेलें होतें. अवर्षणानें तंबाखू महागला, तेव्हां १७५८ त वसाहतीच्या सभेनें कायदा केला कीं, तंबाखूऐवजीं दर पौंडास दोन पेन्स याप्रमाणें रोख द्यावे. बाजारभाव त्याच्या सुमारें तिप्पट होता. पाद्र्यांनीं विलायतेस तक्रार केली, राजानें कायदा नामंजूर केला, आणि जेम्स मोरी या पाद्र्यानें राहिलेल्या रकमेसाठीं हॅनोव्हरच्या न्यायालयांत दावा लाविला. कायद्याचा मुद्दा त्याच्या बाजूनें लागला. नुकसानीचा आंकडा ठरविणें तेवढें पंचांकडे राहिलें. त्या कामांत १ डिसेंबर १७६३ रोजीं हेन्री पाद्र्याविरुद्ध बोलला, आणि पंचांनीं नुकसानी दिली ती एक पेनी.

वर्टच्या ग्रंथांतील हें प्रकरण फार वाचलें जाणारें. न्यायासनावर बाप बसलेला, मुलगा आरंभीं अडखळतो, बाप लाजेनें खुर्चींत खचतो, मग मुलाचा आवाज चढतो, डोळ्यांत तेज येतें, बापाच्या डोळ्यांतून आनंदाश्रु वाहतात आणि शेवटीं लोक वकिलास खांद्यावर उचलून नेतात. भाषणांत तो काय बोलला, हें मात्र वर्टच्या साक्षीदारांस धड सांगतां आलें नाहीं. तें सांगणारा कागद वर्टच्या हातीं नव्हता. खुद्द वादी मोरी यानें अवघ्या अकरा दिवसांनीं, १२ डिसेंबर १७६३ रोजीं, जॉन कॅम या दुसऱ्या पाद्र्यास लिहिलेलें पत्र १८५३ त छापलें गेलें. मोरी हरलेला पक्ष आहे, रागावलेला आहे, पंच हलक्या प्रतीचे निवडले अशी त्याची कुरकुर आहे. तरी मुद्दा त्यानें नीट टिपला आहे: जो राजा प्रजेच्या हिताचे कायदे रद्द करतो तो प्रजेचा पिता न राहतां जुलमी होतो व आज्ञापालनाचा हक्क गमावतो, असें हेन्री म्हणाला, आणि त्यावर राजद्रोह, राजद्रोह अशी कुजबूज झाली. पुढची गोष्ट याहून महत्त्वाची. काम उरकल्यावर हेन्रीनें मोरीची क्षमा मागितली आणि हा खटला घेण्यांत व असें बोलण्यांत आपला हेतु केवळ लोकप्रिय होण्याचा होता, असें सांगितलें. वर्टच्या चित्रांत या माणसास जागा नाहीं. वाचकांनीं ही क्षमायाचना ध्यानांत ठेवावी, कारण ती पुन्हां येणार आहे.

१७६५ च्या मे महिन्यांत स्टँपाच्या कायद्याविरुद्ध हेन्रीनें ठराव आणले. सभेंत येऊन त्यास महिनाही झाला नव्हता. या प्रसंगाचे कागद इतके परस्परविरुद्ध आहेत कीं, पाठचिकित्सेचा अभ्यास करूं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढें उदाहरण म्हणून तेच ठेवावे. ठराव किती? सभेच्या छापील दफ्तरांत चार आहेत. हेन्रीच्या मृत्यूनंतर मृत्युपत्राबरोबर मोहोरबंद ठेविलेला त्याच्या स्वतःच्या हातचा एक कागद सांपडला. त्यावर पांच आहेत, आणि पाठीमागें त्याच्याच अक्षरांत लिहिलें आहे कीं, हे ठराव सभेनें अगदीं थोड्या मताधिक्यानें संमत केले. २४ जून १७६५ च्या न्यूपोर्ट येथील मर्क्युरी पत्रांत सहा छापले, त्यांत दफ्तरांत नसलेलेही आहेत. ४ जुलैच्या मेरिलंडच्या गॅझेटांत पुन्हां वेगळा क्रम. चारांत खरा कोण, असें विचारण्याऐवजीं प्रत्येक कागद कोणत्या क्षणाची साक्ष देतो, असें विचारलें म्हणजे गांठ सुटते. आणि ती सोडविणारें पत्र गव्हर्नर फॉकियर यानें ५ जून रोजीं विलायतेस पाठविलेलें आहे. तो म्हणतो, सभेंत एकोणचाळीसच सभासद हजर होते. पांच ठराव संमत झाले. मोठें मताधिक्य बावीस विरुद्ध सतरा, आणि पांचवा ठराव वीस विरुद्ध एकोणीस. दुसऱ्या दिवशीं तो पांचवा ठराव खोडला गेला. आणखी दोन जहाल ठराव त्या मंडळींच्या खिशांत होते, पण ते त्यांनीं बाहेर काढले नाहींत. म्हणजे हेन्रीचा कागद ३० मेचा, दफ्तर ३१ मेचें, आणि वर्तमानपत्रांत शिरलेला माल बहुधा त्या खिशांतला. कोणीही खोटें बोललेला नाहीं. हेन्रीनें मागाहून लिहितांना खोडलेल्या ठरावाबद्दल मौन धरलें, एवढाच त्याचा दोष.

त्या दिवशींच्या भाषणाकडे आतां पाहूं. वर्टची कथा जगप्रसिद्ध आहे: सीझरास ब्रूटस भेटला, पहिल्या चार्लसास क्रॉमवेल, असें म्हणून हेन्री तिसऱ्या जॉर्जचें नांव घेतो, सभापति व सभासद राजद्रोह म्हणून ओरडतात, हेन्री क्षणभरही न डगमगतां, त्या उदाहरणांवरून राजानें बोध घ्यावा असा शेवट करतो आणि हा राजद्रोह असेल तर खुशाल त्याचें काय तें करा असें बजावतो. यास आधार, सभागृहाच्या दारांत उभे राहून ऐकणाऱ्या तरुणांच्या आठवणी. जेफर्सन त्यावेळीं बावीस वर्षांचा होता, टायलर त्याच्या शेजारीं. त्या आठवणी लिहिल्या गेल्या चाळीस-पन्नास वर्षांनीं. रँडॉल्फचा हस्तलिखित इतिहास वर्टच्या टेबलावर होता. त्यांत शेवट निराळा आहे. तेथें राजद्रोहाची आरोळी होतांच हेन्री वाक्य वळवितो आणि तिसऱ्या जॉर्जला असा कोणीही न भेटो अशी इच्छा प्रकट करतो. वर्टनें धीट पाठ वर घेतला व भित्रा पाठ बाजूस ठेविला. आम्हां संस्कृताच्या विद्यार्थ्यांस शिकविलें जातें कीं, दोन पाठांत जो कठीण तो बहुधा मूळचा, कारण लेखक सोपें करतो, कठीण करीत नाहीं. वीरचरित्रांस हाच नियम लावावयाचा तर असें म्हणावें लागेल कीं, जो पाठ वीरास कमी शोभतो तोच मूळच्या जवळचा असण्याचा संभव अधिक.

हें केवळ अनुमान राहिलें असतें. पण १९२१ त अमेरिकन हिस्टॉरिकल रिव्ह्यू या त्रैमासिकानें पॅरिसच्या आरमारी दफ्तरांत सांपडलेली एका फ्रेंच प्रवाशाची १७६५ ची रोजनिशी छापली. ३० मे रोजीं हा प्रवासी विल्यम्सबर्ग गांवीं पोंचला आणि सभागृहाच्या दारांत जाऊन उभा राहिला. त्यानें लिहिलें आहे तें असें: एका सभासदानें टार्क्विन व सीझर यांस ब्रूटस भेटले, चार्लसास क्रॉमवेल, आणि कोणी चांगला अमेरिकन आपल्या देशासाठीं उभा राहील याबद्दल आपणांस शंका नाहीं, असें म्हटलें. सभापतीनें उठून हा राजद्रोह आहे असें सांगितलें व त्यास थांबविण्याइतका राजनिष्ठ एकही सभासद निघूं नये याबद्दल खेद दर्शविला. थोड्याच वेळानें तोच सभासद, ज्याचें नांव हेन्री, उठला. सभापतीचा किंवा सभेचा अवमान झाला असल्यास क्षमा मागण्यास तयार आहे, राजावरील निष्ठा रक्ताच्या शेवटच्या थेंबापर्यंत दाखवीन, जें निघून गेलें तें देशाच्या मरूं घातलेल्या स्वातंत्र्याच्या कळवळ्यानें व आवेशाच्या भरांत निघून गेलें, असें म्हणाला.

या रोजनिशीचें मोल काय? लिहिणारा परका, दोन्ही पक्षांपासून अलिप्त. ऐकल्यावर लागलीच लिहिलेलें. त्यास नांव लिहितां येत नाहीं, स्पेलिंग चुकतें, हेंही उलट विश्वासाचेंच लक्षण. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही कीं, मोरीचें पत्र व ही रोजनिशी यांचा एकमेकांशीं कसलाही संबंध नसतां दोहोंत मनुष्य एकच दिसतो: भरांत येऊन मर्यादेपलीकडे जाणारा, आणि मग मागें येऊन क्षमा मागणारा. दोन स्वतंत्र समकालीन साक्षी जेथें जुळतात तेथें वर्टचा न डगमगणारा वीर मागें सरला पाहिजे. फॉकियरनेंही एका तरुण वकिलानें फार असभ्य भाषा वापरल्याचें आपण ऐकलें, एवढेंच लिहिलें आहे. विजयी प्रत्युत्तराचा पत्ता नाहीं. उलट कोणी म्हणेल कीं, रोजनिशीमुळें हेन्री लहान झाला. मला तसें वाटत नाहीं. राजद्रोहाच्या आरोपाची शिक्षा काय हें वकिलास ठाऊक असतें. तोंडून शब्द गेल्यावर त्यानें राजाचें नांव सांभाळलें, पण ठराव मागें घेतला नाहीं आणि पांचही संमत करून घेतले. हें वर्टच्या नाटकापेक्षां कठीण काम आहे.

येणेंप्रमाणें हत्यारें परजून आतां १७७५ च्या भाषणाकडे जावें. रिचमंड गांवच्या सेंट जॉन्सच्या देवळांत व्हर्जिनियाची परिषद भरली होती. वसाहतीनें शस्त्रसज्ज व्हावें असा ठराव हेन्रीनें आणला. ठराव दफ्तरांत आहे. त्यावरचें भाषण नाहीं. वर्टनें दिलेली संहिता बाराशें शब्दांच्या आसपास आहे. ती आली कोठून? १६ ऑगस्ट १८१५ च्या पत्रांत वर्ट टकरास लिहितो कीं, हें भाषण आपण जवळजवळ सर्वच तुमच्याकडून घेतलें आहे. टकर १७७५ त तेवीस वर्षांच्या आंतला. त्यानें आठवण लिहिली ती तीस वर्षांनंतर. आणि टकराचें तें मूळ पत्रच आज नाहींसें झालें आहे. म्हणजे संहितेचा आधार एक, तोही स्मृतीचा, तोही हरवलेला. त्यांत टकराचें किती व वर्टचें किती, हें ठरविण्यास संहितेच्या पोटांतच शिरलें पाहिजे.

मूळ आवृत्ति उघडून पाहणारास एक गोष्ट लगेच दिसते. भाषणाचा आरंभ वर्टनें तृतीय पुरुषांत दिला आहे: तो म्हणाला कीं त्यास असें वाटत होतें, या धाटणीनें. पुढें मध्येंच संहिता प्रथम पुरुषांत शिरते आणि शेवटपर्यंत तशीच राहते. म्हणजे सांधा उघडा आहे. वृत्तांत संपून भाषण कोठें सुरू होतें हें दिसावें असा तो आहे. पुढच्या शालेय वाचनमालांनीं हा सांधा बुजविला: आरंभ प्रथम पुरुषांत फिरविला, मधले निवेदकाचे शब्द काढले, आणि हेन्रीच्या मुखांतून एकसंध बाहेर पडल्यासारखी वस्तु तयार केली. याचा सारा दोष वर्टच्या माथीं मारणें न्यायाचें नाहीं. चाळीस वर्षें मुलांकडून पाठांतर करून घेणाऱ्या मनुष्यास हा अनुभव नवा नाहीं. पाठांतराच्या सोयीसाठीं वाक्य गुळगुळीत होतें, आणि दोन पिढ्यांनंतर गुळगुळीत पाठच मूळ म्हणून गुरुजीही शिकवूं लागतात.

शेवटच्या उद्गारांविषयीं दोन गोष्टी नमूद करावयाच्या. ॲडिसनचें केटो हें नाटक १७१३ त रंगभूमीवर आलें व त्या वसाहतींत अतिशय लोकप्रिय होतें. स्वातंत्र्य व मृत्यु यांची ही जोडी त्यांत आहे. टकरानें आपल्या आठवणींत वक्त्याची तुलना युटिकाच्या केटोशींच केली आहे. यावरून दोन्ही अनुमानें निघतात: हेन्रीनेंच नाटकांतील जोडी उचलली असेल, किंवा श्रोत्याच्या मनांत तीस वर्षांत नाटक व भाषण एकमेकांत मिसळलें असेल. मला पहिलें अधिक संभाव्य वाटतें. शेवटचें वाक्य श्रोत्याच्या स्मरणांत टिकतें, मधली बांधणी टिकत नाहीं. हा नियम सर्व वक्त्यांस सारखाच लागू आहे.

समकालीन साक्ष एकच, आणि ती विरोधकाची. नॉरफोक येथील जेम्स पार्कर या राजनिष्ठ व्यापाऱ्यानें ६ एप्रिल १७७५ रोजीं चार्लस स्टुअर्ट यास पत्र लिहिलें. हेन्रीचें भाषण कमालीचें उद्धट होतें, राजास त्यानें जुलमी, मूर्ख व मंत्र्यांच्या हातचें बाहुलें म्हटलें, इंग्रज-स्कॉच लोक चैनींत बुडून तेज गमावून बसले आहेत व शूर अमेरिकनांच्या तोंडाकडे पाहण्याची त्यांची छाती नाहीं, असें तो बोलला, असें पार्कर कळवितो. यांतला राजाला दिलेला एकही शब्द वर्टच्या संहितेंत नाहीं. वर्टचा हेन्री परमेश्वरास स्मरून, प्रश्नामागून प्रश्न विचारीत, भारदस्तपणें वर चढत जातो. पार्करचा हेन्री शिव्या देतो. पार्कर वैरी आहे आणि सभेंत होता असेंही तो सांगत नाहीं, म्हणून त्याचें सर्व घेऊं नये. पण १७६३ त ज्यानें राजास जुलमी म्हटल्याचें मोरी सांगतो, त्यानें बारा वर्षांनीं, शस्त्रें हातीं घेण्याच्या ठरावावर, राजाविषयीं अधिक सौम्य व्हावें हें संभवत नाहीं. वर्टच्या संहितेंतून तिखट काढलेलें आहे. तें टकराच्या म्हातारपणीं गळलें कीं वर्टच्या लेखणींत, हें हरवलेल्या पत्रावांचून कळणार नाहीं.

हेन्री खरोखर कसा बोलत असे हें पाहण्याचें साधन वर्टपाशीं होतें. १७८८ च्या जून महिन्यांत राज्यघटनेवर रिचमंडला जो वाद झाला, तो डेव्हिड रॉबर्टसन यानें लघुलेखनानें उतरून घेतला व लगेच छापला. १७९१ त ब्रिटिश सावकारांच्या कर्जांच्या खटल्यांत हेन्री बोलला, तेंही रॉबर्टसननेंच टिपलें. हीं टिपणें निर्दोष नाहींत. एके ठिकाणीं टिपणारा हात टेकतो आणि राष्ट्राध्यक्ष अमेरिकेस गुलाम करील या भीतीवर हेन्री फार हृदयद्रावक बोलला, एवढेंच लिहून मोकळा होतो. तरी त्यांत वक्ता सांपडतो. तो विषयाभोंवतीं फिरतो, तेंच पुन्हां सांगतो, मध्येंच एखादा साधा प्रश्न फेंकतो: आम्ही संस्थानें असें न म्हणतां आम्ही जनता असें म्हणण्याचा अधिकार यांना दिला कोणी? वाक्यें अर्धवट, उपमा घरगुती. याच्याशेजारीं १७७५ ची घोटीव संहिता ठेविली तर एकाच मनुष्याचे हे दोन आवाज आहेत असें पटणें कठीण जातें. वर्टनें ही तुलना केली नाहीं. उलट २४ जूनच्या भाषणाच्या वेळीं वादळ सुटलें व गोंधळामुळें हेन्रीस आटोपतें घ्यावें लागलें, या रॉबर्टसनच्या एका कोरड्या ओळीवर त्यानें मेघगर्जनेवर स्वार झालेला वक्ता रंगविला.

याच १७८८ च्या टिपणांत, गुलामगिरी आपणांस शोचनीय वाटते पण ती मोडणें शहाणपणाचें नाहीं, असें हेन्री बोलल्याचें आहे. तें खरें कीं रॉबर्टसनची चूक? येथें सुदैवानें स्वहस्ताक्षर उपलब्ध आहे. १८ जानेवारी १७७३ रोजीं रॉबर्ट प्लेझंट्स या क्वेकर गृहस्थास लिहिलेल्या पत्रांत हेन्री कबूल करतो कीं, आपण स्वतः विकत घेतलेल्या गुलामांचे धनी आहों, त्यांच्यावांचून येथें राहण्याची गैरसोय होते म्हणून असें घडतें, आणि याचें समर्थन आपण करणार नाहीं, करतां येतही नाहीं. तो मेला तेव्हां साठांहून अधिक माणसें त्याच्या मालकीचीं होतीं. म्हणजे पंधरा वर्षांनंतरचें टिपण व पंधरा वर्षांपूर्वींचें पत्र यांचा आशय एकच; रॉबर्टसनवर विश्वास ठेवण्यास हा चांगला आधार. आणि ज्या भाषणांत बेड्या व दास्य हे शब्द घणाघातासारखे येतात असें वर्ट सांगतो, त्याच्या दोनच वर्षें आधीं वक्त्यानें हें पत्र लिहिलें होतें, हें भाषण छापणारानें शेजारच्या पानावर छापावें.

वर्टचा ग्रंथ टाकून देऊं नये, असें माझें मत आहे. रँडॉल्फचा इतिहास १९७० पर्यंत पूर्णपणें छापला गेला नव्हता; टकराचें पत्र गेलेंच; टायलर, मेरिडिथ यांच्या आठवणी वर्टनें विचारल्या नसत्या तर त्यांच्याबरोबरच मातींत गेल्या असत्या. सभासदाची बखर आपण जशी ठेवतों, म्हणजे लेखक काळाजवळ होता हें मान्य करून पण शब्दास शब्द न मानतां, तसा हा ग्रंथ ठेवावा. पण त्याची नवी आवृत्ति निघाल्यास तींत १७७५ चें भाषण आज छापतात तसें छापूं नये. तृतीय पुरुषाचा आरंभ जसाच्या तसा ठेवावा, शेवटचें वाक्य वेगळ्या ठशांत, बाजूस पार्करचें पत्र संपूर्ण, आणि खालीं १६ ऑगस्ट १८१५ चें वर्टचें कबुलीपत्र. वर्टचे कागद मुख्यतः मेरिलंडच्या ऐतिहासिक संस्थेंत व वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहेत. टकराचें पत्र हेन्रीच्या चरित्राच्या साहित्यांतून जर कोठें सरकलें असेल तर तें वर्टच्या खटल्यांच्या कागदांत सरकलें असण्याचा संभव अधिक, कारण ग्रंथ छापून होतांच तो सरकारी वकिलीच्या कामाला लागला आणि दोन्ही कामांचे कागद एकाच घरांत होते.